बाटिकमधल्या भेगा कोणाच्या?

गेल्या महिन्यात ग्रुप मीटिंगमध्ये मी एक वाक्य बोलले. ते मला आज मागे घ्यायचं आहे.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे, नवीन आलेल्यांसाठी सांगते: माझी पीएचडी भेगांवर आहे. एखादा पातळ थर दुसऱ्या कशाला तरी चिकटलेला असताना तडकतो, तेव्हा भेगांची जाळी कशी ठरते, हा प्रश्न. भिंतीवरचा रंग, जमिनीवरचा चिखल, कापडावरचं मेण. माझ्या वाट्याला मेण आलं. त्या दिवशी शेवटच्या स्लाइडवर मी आमच्या माहुलच्या घरात टांगलेल्या एका बाटिकचा फोटो टाकला होता. आईने केलेलं. रात्रीची खाडी, एक होडी आणि मागे रिफायनरीच्या उंच नळीवरची ज्योत. ज्योतीतून तपकिरी रेषांचं बारीक जाळं गेलेलं. मी म्हणाले, "या चित्राचं सगळं सौंदर्य या भेगांमध्ये आहे." स्लाइड सगळ्यांना आवडली.

घरी येऊन आईला दाखवली. तिने चष्मा डोक्यावरून खाली घेतला, फोन जवळ धरला.

"अगं, भेगा कसल्या दाखवतेस लोकांना? ती चूक आहे. मेण घट्ट व्हावं म्हणून मी फ्रीजमधलं पाणी ओतलं आणि कापड बादलीत कोंबलं. सगळी ज्योत तडकली, त्यात शेवटचा तपकिरी शिरला. फेकूनच देणार होते तेव्हा."

"मग फेकलं का नाहीस?"

"होडीच्या मागचं पाणी बरं जमलं होतं."

मी तीन वर्षं मेणातल्या भेगा मोजते आहे. त्या चित्राखाली बसून तर लहानपणापासून जेवते आहे. पाण्याकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

एरवी इथे मी शोधनिबंध सोपे करून सांगते. आज थोडी समीक्षा करणार आहे, आणि ती करायला भेगांचं विज्ञान वापरणार आहे. माझं म्हणणं असं: बाटिक ही ललित कला आहे की हस्तकला, हा वाद निघाला की आपण तिच्या बाजूने बोलताना पटकन भेगांकडे बोट दाखवतो, आणि तिथेच तिची बाजू कमकुवत करतो. करणाऱ्याचा निर्णय भेगेत फार थोडा असतो. तो असतो मेण कुठे आणि कुठल्या क्रमाने लावलं यात.

आधी कृती

सुती कापड घ्यायचं. मांजरपाट, पॉपलिन काहीही चालतं, पण खळ पूर्ण काढलेली हवी, नाहीतर रंग डागाडागांनी बसतो. चित्र पेन्सिलने उतरवायचं. जो भाग पांढरा राहायला हवा, त्यावर वितळलेलं मेण लावायचं. आपल्याकडे बहुतेक जण ब्रश वापरतात. जावामध्ये चांटिंग नावाचं साधन असतं: दांडीला तांब्याची इवलीशी वाटी आणि वाटीला बारीक चोच, तिच्यातून मेणाची रेघ सोडायची. मेण पुरेसं गरम असेल तर ते आरपार जातं आणि कापड तेवढ्या जागी तेल लागल्यासारखं पारदर्शक दिसतं. गार असेल तर नुसतं वर बसतं, पांढुरकं दिसतं आणि त्याच्याखालून रंग शिरतो.

मग कापड सगळ्यात फिक्या रंगात बुडवायचं, समजा पिवळ्या. वाळवायचं. आता जिथे पिवळा राहायला हवा तिथे मेण. मग नारिंगी किंवा लाल. पुन्हा मेण. मग तपकिरी किंवा काळा. शेवटी सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकून, किंवा वर्तमानपत्रांच्या घडीत ठेवून वरून इस्त्री फिरवून मेण काढायचं. तोपर्यंत चित्र कसं झालंय ते करणाऱ्यालाही धड दिसत नाही. मेणाखालचे रंग मळकट दिसतात आणि शेवटच्या गडद रंगाचे थेंब सगळीकडे साचलेले असतात.

रंग थंडच लागतो, ही यातली मोठी अट. मेण साठ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, म्हणजे उकळत्या पाण्यात चढणारे रंग बाद. जावाच्या जुन्या कामात निळीला एवढं महत्त्व होतं, त्याचं एक कारण हेच: निळीचं पिंप तापवावं लागत नाही. विसाव्या शतकात नॅप्थॉल रंग आले. त्यात कापड आधी एका द्रावणात आणि मग दुसऱ्या 'सॉल्ट'च्या द्रावणात बुडवतात आणि रंग धाग्याच्या आतच तयार होतो. पाहायला जादू वाटते, पण हातमोजे घालूनच करावी अशी जादू आहे. निळ्यासाठी मिळणारं फास्ट ब्लू बी सॉल्ट ज्या अमाइनपासून बनतं, त्याची गणना कर्करोगकारक पदार्थांत होते. आईच्या क्लासमध्ये हातमोजे कोणीच घालत नसे. १९५६ मध्ये आयसीआय कंपनीने प्रोसिऑन रंग आणले. ते सुताशी थेट रासायनिक बंध करतात आणि थंड पाण्यात काम करतात, त्यामुळे स्टुडिओत एकट्याने बाटिक करणं पुष्कळ सोपं झालं.

या कृतीतून दोन गोष्टी आपोआप येतात. एक, क्रम ठरलेला: फिक्याकडून गडदाकडे. पिवळ्यावर निळा चढला की हिरवा होणार. शुद्ध निळा हवा असेल तर ती जागा पिवळ्याच्या वेळी मेणाखाली असायला हवी होती, आणि निळ्याच्या आधी ते मेण काढायला हवं. दोन, खोडरबर नाही. ब्रशवरून मेणाचा थेंब पडला तर तो पडला, तिथे शेवटपर्यंत ठिपका राहणार. तैलरंगात चित्रकार शेवटी हात फिरवून उजेडाचा ठिपका ठेवतो. बाटिकमध्ये तो ठिपका सगळ्यात आधी ठरवावा लागतो, आणि मग चित्र संपेपर्यंत तो झाकलेला असतो. आईच्या चित्रात पहिलं मेण ज्योतीवर लागलं होतं. म्हणजे रात्रीच्या चित्राची सुरुवात तिने पांढऱ्याने केली, तीही काही न रंगवता.

भेग कशी पडते

पॅराफीन म्हणजे साधारण वीस ते चाळीस कार्बनच्या सरळ साखळ्यांचं मिश्रण. गार झाल्या की या साखळ्या काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या शेजारी शेजारी बसतात आणि थर ठिसूळ होतो. मधमाश्यांच्या मेणात वेगवेगळ्या जातीचे रेणू मिसळलेले असतात, त्यांची रचना तेवढी नीट लागत नाही, म्हणून ते वाकतं आणि सहज तुटत नाही. राळ घातली की मेण कापडाला धरून राहतं. बाटिक करणारे हे तीन पदार्थ कमीजास्त करून आपल्याला हवं तसं मेण बनवतात.

यातलं पॅराफीन आमच्या माहुलशी नातं सांगणारं आहे. माहुल म्हटलं की लोकांना १९५० च्या दशकात उभ्या राहिलेल्या रिफायनऱ्या आणि वास आठवतो. तिथे येणाऱ्या कच्च्या तेलांपैकी मुंबई हायचं तेल मेणाचं प्रमाण जास्त असलेलं म्हणून ओळखलं जातं. कुठल्याही कच्च्या तेलापासून वंगण तेल बनवताना त्यातलं मेण बाजूला काढावं लागतं, नाहीतर थंडीत तेल थिजतं. तेच मेण शुद्ध होऊन मेणबत्तीत आणि बाटिकच्या पातेल्यात येतं.

वितळलेलं पॅराफीन गोठताना त्याचं आकारमान दहा टक्क्यांहून जास्त घटतं, पुढे गार होताना ते आणखी आकसतं. थराला आकसायचं असतं, कापड त्याला सोडत नाही. ताण साठत जातो आणि एका मर्यादेपलीकडे थर फाटतो. थर जाड असेल तर भेगा लांब लांब पडतात, पातळ असेल तर जवळ जवळ. हा नियम मेणाला, चिखलाला आणि भिंतीवरच्या रंगाला सारखाच लागू आहे.

चिखलाचा पुरावा आमच्या दारात आहे. माहुलच्या खाडीकाठी जिथे हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात, त्या चिखलाचा वरचा पट्टा, जिथे भरतीचं पाणी रोज पोहोचत नाही, तो मे महिन्यात पाहा. नवी भेग जुन्या भेगेला जवळजवळ काटकोनात येऊन भेटते आणि तिथेच थांबते, कारण जुन्या भेगेने आपल्या कडेचा ताण आधीच मोकळा केलेला असतो. त्यामुळे नुसतं पाहून सांगता येतं की कुठली भेग आधीची आणि कुठली नंतरची. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे काळे खांब म्हणजे भेगांचाच दुसरा प्रकार. तिथे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त खडक गार होताना भेगा हळूहळू आत सरकत गेल्या आणि सरकता सरकता काटकोन सोडून षटकोनाकडे वळल्या.

बाटिकमधल्या ठळक भेगा मात्र बहुतेक वेळा नुसत्या थंडीने पडत नाहीत, हाताने पडतात. कापड गार करून चुरगळलं की जिथे घडी पडते तिथे मेण तुटतं. पुढचा रंग त्या फटीतून धाग्यापर्यंत पोहोचतो आणि रेघ उमटते. कापड एकाच दिशेने दुमडलं तर रेषा समांतर येतात, मुठीत चुरगळलं तर जाळं येतं. याहून जास्त ताबा करणाऱ्याकडे नसतो. प्रत्येक रेघ नेमकी कुठे वळेल, किती फाटे फुटतील, हे थराची जाडी आणि तापमान ठरवतं.

यातून एक उपयोगाची गोष्ट सांगते. बाजारात बाटिकसारखं छापलेलं कापड भरपूर मिळतं. ओळखायचं कसं? खऱ्या बाटिकमध्ये भेग फक्त मेण असलेल्या भागात असते, आणि मेणाची कड आली की संपते, कारण पलीकडे सगळाच भाग रंगलेला असतो. छापील कापडात रेषा खुशाल कड ओलांडून जातात. दुसरं, खऱ्यात रेघ दोन्ही बाजूंनी दिसते. तिसरं, छापील भेगांचा तोच नकाशा हातभर अंतरावर परत भेटतो. निसर्ग तेवढा आळशी नसतो.

भेग मिरवायची कधीपासून?

मध्य जावाच्या जुन्या बारीक कामात भेग हा दोष मानला जाई. रेघ अखंड हवी, मेणाखाली रंगाचा थेंब शिरता कामा नये, हे कसब. मेणाचं मिश्रण चिवट ठेवायची खटपट त्यासाठीच. शिवाय पॅराफीनचा व्यापारी वापर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. त्याआधी मधमाश्यांचं मेण आणि राळेसारखे पदार्थ, म्हणजे फारसं न तडकणारं मिश्रण.

त्याच शतकात डच कारखानदारांनी बाटिकची यंत्रावर नक्कल केली. त्यात राळेचा थर तडकून रेघा येत. हे कापड जावात फारसं रुजलं नाही, पण पश्चिम आफ्रिकेत त्याचा जम बसला, आणि तिथे त्या रेघा लोकांना आवडल्या. आज आफ्रिकेची ओळख म्हणून दिसणारं कितीतरी रंगीबेरंगी कापड या वाटेने आलेलं आहे. पुढे पॅराफीन स्वस्त झालं, स्टुडिओत आणि छंदवर्गांत तेच वापरलं जाऊ लागलं, आणि भेगा टाळणं अवघड झालं. मग हळूहळू भेग नसेल तर ते बाटिकच नव्हे, असं लोक म्हणू लागले. एका स्वस्त कच्च्या मालाचा गुणधर्म कलेचा निकष झाला. पर्यटकांसाठीच्या दुकानात तर भेग म्हणजे हमीचा शिक्का. माझ्या स्लाइडवरचं वाक्य याच रांगेतलं होतं.

आपल्याकडे बाटिक कुठे बसवलं गेलं

१९२७ मध्ये रवींद्रनाथ टागोर जावाला गेले. बरोबर सुरेंद्रनाथ कर होते, भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी होते. त्यानंतर शांतिनिकेतनात बाटिक रुजलं. प्रतिमादेवी आणि नंदलाल बोस यांच्या कन्या गौरी भंज यांची नावं त्यात पुढे येतात. कलाभवनात चित्र आणि कारागिरी यांत उंच भिंत घालायची नाही, अशी भूमिका होती. तरी तिथून बाहेर पडून देशभर पोहोचलं ते मुख्यतः बाटिकची साडी, बाटिकची चामडी पिशवी, बाटिकचा कुर्ता.

दुसरं उदाहरण मद्रासजवळच्या चोळमंडल कलाग्रामाचं. १९६६ मध्ये के. सी. एस. पणिक्कर यांच्या पुढाकाराने ते उभं राहिलं. तिथले चित्रकार बाटिक आणि इतर हस्तकलेच्या वस्तू करून विकत, त्यावर घर चालवत, आणि उरलेल्या वेळात चित्रं काढत. व्यवस्था म्हणून मला ती फार आवडते. पण तिच्यात एक हिशेब ठरून गेलेला दिसतो: बाटिक पोटासाठी, कॅनव्हास स्वतःसाठी.

मुंबईतही हा हिशेब दिसतो. विणकर सेवा केंद्रात अनेक चांगल्या चित्रकारांनी नोकरी केली. 'कोरा कॅनव्हास' लिहिणारे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) त्यांपैकी एक, आधी वाराणसीला आणि मग मुंबईला. बरव्यांच्या कॅनव्हासबद्दल आपण भरपूर वाचतो, कापडावरच्या त्यांच्या कामाबद्दल जवळजवळ काहीच नाही. जे.जे. स्कूलमध्येही रेखा व रंगकला वेगळी, वस्त्रकला वेगळी. अभ्यासक्रमासाठी विभाग लागतात हे मान्य. पण विभागाची पाटी पुढे चित्रालाच चिकटते.

आई हे सगळं शिकली ती चेंबूरला एका बाईंच्या छंदवर्गात, दुपारी दोन ते चार. ट्रेसिंग पेपरवर ठरलेली चित्रं: गणपती, बुद्धाचा चेहरा, बैलगाडी, घागर घेतलेली बाई. खाडीचं चित्र तिने स्वतःच्या मनाने केलं, आणि बाईंच्या आग्रहाने एका प्रदर्शनात चित्रकला विभागासाठी दिलं. ते परत आलं. मागे पेन्सिलने लिहिलं होतं, 'हस्तकलेत द्यावे.' ते अक्षर अजून मागच्या पुठ्ठ्यावर आहे. हस्तकलेत तिने ते दिलं नाही. पुढे क्लासही सुटला. त्याला इतर दहा कारणं होती, सगळा दोष त्या पेन्सिलीला देणार नाही.

एचिंगला चालतं ते

त्या पेन्सिलवाल्याशी मला वाद घालायचा आहे, आणि तो रसायनशास्त्रातून घालता येतो.

एचिंग हा मुद्राचित्रणाचा प्रकार घ्या. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेण, राळ, डांबर यांच्या मिश्रणाचा थर देतात. सुईने थर खरवडून चित्र काढतात. पत्रा आम्लात बुडवला की उघड्या जागी धातू झिजतो, थराखालचा वाचतो. गडद रेघ हवी असेल तर जास्त वेळ ठेवायचा. फिकी रेघ मधेच झाकून पत्रा परत बुडवायचा. म्हणजे तेच मेण, तीच राळ, तोच 'झाक आणि बुडव'चा क्रम. आम्लाच्या जागी रंग आणि पत्र्याच्या जागी कापड ठेवलं की बाटिक. रेम्ब्रांटने एचिंग केलं म्हणून ते कलेच्या इतिहासात मानाने बसलं, आणि बाटिक दुपारी दोन ते चार.

पिकासोने १९५० च्या दशकाच्या शेवटी लिनोकटमध्ये एकच ठोकळा वापरला. एक रंग छापायचा, मग त्याच ठोकळ्याचा आणखी भाग कोरून काढायचा, पुढचा रंग छापायचा. कोरलेलं परत भरत नाही. बाटिक करणाऱ्या कोणालाही ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही.

लांब कशाला, जलरंग घ्या. पांढरा रंग फासायचा नाही, कागद राखायचा, फिक्याकडून गडदाकडे जायचं, ही पारदर्शक जलरंगाची शिस्त. सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. दिवा हाताच्या आडोशाला धरून उभी असलेली ती स्त्री लोक वर्षानुवर्षं तैलरंगातली समजून पाहतात. जलरंगात उजेड राखून ठेवण्याबद्दल आपण हळदणकरांना दाद देतो. मेणाने उजेड राखला की विभाग का बदलतो?

यावर एक खरा आक्षेप आहे, तो टाळत नाही. 'तंत्र अवघड आहे म्हणून ती ललित कला होत नाही.' बरोबर. छंदवर्गातला बुद्धही याच क्रमाने होतो. प्रश्न तंत्राचा नाहीच. प्रश्न असा की त्या विशिष्ट चित्रात काही विचार मेणातून झालाय का? ट्रेसिंगवरचा बुद्ध पोस्टर कलरमध्ये केला असता तर काही बदललं असतं का? बहुतेक वेळा नाही. मेण तिथे फक्त पोत म्हणून येतं, आणि भेगा वरून भुरभुरवलेल्या कोथिंबिरीसारख्या. अशा भिंतशोभेला कोणी हस्तकलाही म्हणू नये असं मला वाटतं, कारण कारागिराची नेमकेपणाची जिद्दही तिच्यात नसते. उज्जैनजवळच्या भैरवगढचे किंवा कच्छमधल्या मुंद्रा-मांडवीचे कारागीर मेणाने कापड छापतात, तेव्हा त्यात दिसणारी शिस्त या फ्रेमच्या बुद्धापेक्षा कितीतरी वरची असते.

मेणातून विचार झालेलं काम कसं असतं, यासाठी चुआह थियान तेंग या मलेशियातल्या चित्रकाराचं उदाहरण देते. ते चित्रकला शिकलेले होते, पेनांगला त्यांचा बाटिकचा कारखाना होता, तो बुडाला. मग हाताशी असलेलं मेण आणि रंग घेऊन त्यांनी १९५० च्या दशकात चित्रं करायला सुरुवात केली. १९५५ मध्ये पेनांगला प्रदर्शन झालं. १९६८ मध्ये त्यांचं आई-मुलाचं एक चित्र युनिसेफच्या शुभेच्छापत्रावर आलं. विषय साधे: कोळी, बाजार, लेकरं घेतलेल्या बाया. त्यांच्या चित्रांत आकृत्यांना बांधणाऱ्या रेघा पाहाव्यात. बाटिकमध्ये फिकी रेघ वरून ओढता येत नाही, ती राखावी लागते. म्हणून माणसांच्या कडा आधी ठरतात आणि भोवतीचं जग नंतर गडद होत येतं. त्यामुळे त्या आकृत्या पार्श्वभूमीवर ठेवल्यासारख्या वाटत नाहीत, तिच्यातून वाचलेल्या वाटतात. हाच परिणाम तैलरंगात आणता येईलही, पण तिथे तो माध्यमातून निघालेला नसेल.

आता आईचं चित्र

घरचं म्हणून सूट देत नाही. होडी साधारण आहे. ती ट्रेसिंगच्या साठ्यातून आलेली दिसते, आमच्या कोळीवाड्यातल्या होडीचा नाकाडा असा नसतो. होडीतल्या माणसाचा हात वल्ह्याला नीट लागलेला नाही. डाव्या कोपऱ्यात मेणाचा थेंब पडला होता, त्याचा तिने नंतर चंद्र केलाय, आणि तो तसाच दिसतो.

ज्योतीचा आकार चांगला आहे. आत कोरं कापड, भोवती पिवळा, मग नारिंगी. पण आईचं बरोबर आहे: भेगांनी ज्योत कमजोर केली. चित्रातला एकमेव शुद्ध पांढरा भाग होता, त्यात शेवटचा तपकिरी शिरल्याने तो जुन्या कपाच्या तळासारखा झाला. मी ज्याला सौंदर्य म्हणाले, त्याने चित्रातला उजेड कमी केला होता.

आणि पाणी. ज्योतीचं प्रतिबिंब पाण्यात तुकड्यातुकड्यांनी खाली येतं. वरचे तुकडे कोरे, म्हणजे त्यांच्यावर मेण पहिल्या फेरीत लागलं. त्याखालचे पिवळे, दुसऱ्या फेरीत. मग नारिंगी, तिसऱ्या. होडीजवळ येईपर्यंत फक्त गडद लाल ओरखडे उरतात. उजेड जसजसा लांब येतो तसतसा मंद होतो, आणि मेणही तसतसं उशिरा लागलेलं. म्हणजे प्रकाशाचा क्रम आणि कामाचा क्रम एकच. हे वरून रंग लावून केलेलं नाही. पहिल्या फेरीत ब्रश हातात धरतानाच तिसऱ्या फेरीतला लाल तिला दिसत असणार. त्या पाण्यात एकही भेग नाही. मेणाचे तुकडे लहान असल्यामुळे चुरगळताना घडी त्यांच्या मधल्या मोकळ्या कापडातच पडली असावी. मेणाच्या मोठ्या सलग पट्ट्यालाच सगळ्या घड्या सोसाव्या लागतात, ज्योतीला तसंच झालं.

हा भाग चित्रकला विभागात बसतो असं माझं मत आहे. होडी नसेल बसत. पण चित्रकला विभागात फसलेल्या होड्या काय कमी असतात?

भेगांवर सरसकट फुली मारायचीही माझी इच्छा नाही. कोणी ठरवून एका दिशेने कापड दुमडून पावसाच्या सरी आणल्या, किंवा पॅराफीन फक्त एका भागात वापरून तिथेच तडा जाऊ दिला, तर तो निर्णय आहे आणि त्याची दाद द्यायला हवी. मात्र तेव्हाही विचारायचं हेच की ती भेग तिथे का आहे. 'बाटिक आहे म्हणून' हे उत्तर पुरेसं नाही.

तेव्हा यापुढे कुठे बाटिक दिसलं तर एक करून पाहा. सगळ्यात फिका भाग शोधा, मग सगळ्यात गडद, आणि मधल्या पायऱ्या मोजा. मेण किती वेळा लागलं, कशावर आधी, ते मनात उलगडा. भेगा सगळ्यात शेवटी बघा.

पुढच्या ग्रुप मीटिंगसाठी मी ती स्लाइड बदलली आहे. फोटो आता पाण्याचा आहे. ज्योतीतल्या भेगांचा फोटो बाजूला छोटा ठेवलाय, खाली लिहिलंय: 'पॅराफीनचं प्रमाण जास्त, फ्रीजचं पाणी, बादली लहान.' आईने वाचलं आणि म्हणाली, बादली लहान नव्हती, घाई होती. तेवढी दुरुस्ती करायची राहिली आहे.